माहूरची मुले अमृतसरला

माहूर-किनवट भागातली कुटुंबे मुलांना घेऊन उत्तरेकडे सहलीला निघतात, तेव्हा त्यांच्या यादीत अमृतसर बहुधा असतेच. याचे पहिले कारण रेल्वे. नांदेडच्या हुजूर साहिब स्थानकातून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते. दोन हजार किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरात कुठेही गाडी बदलावी लागत नाही. लहान मुले, आजी-आजोबा आणि पाच-सहा पिशव्या सांभाळत निघालेल्या घराला एवढी एक सोयही पुरेशी वाटते. दुसरे कारण फार जुने आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि गोदावरीकाठच्या याच गावात त्यांनी देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची मुख्य वास्तू उभारली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक नांदेडला आहे, एक अमृतसरला. त्यामुळे दस्तार, कडे, कढाप्रसाद आणि लंगर या गोष्टी मराठवाड्यातल्या मुलाला नवलाच्या नसतात. नांदेडला मावशीकडे किंवा दवाखान्याच्या कामाला गेले असताना त्याने त्या पाहिलेल्या असतात. आपल्या ओळखीच्या गोष्टीचे मोठे घर पाहायला जाणे आणि सर्वस्वी अनोळखी शहरात जाऊन पडणे, यांत मुलांच्या दृष्टीने फार अंतर आहे.

माहूरच्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माहूर हे येणाऱ्यांचे गाव आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ असलेली रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामातेचा डोंगर, मातृतीर्थ आणि रामगडाचा किल्ला यांच्यामुळे वर्षभर, आणि नवरात्रात व दत्तजयंतीला तर अहोरात्र, गाड्या भरून माणसे तिथे येतात. नारळ, ओटीचे साहित्य, हळदकुंकू, कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद यांवर अनेक घरांची चूल चालते. गावातली मुले लहानपणापासून इतरांचा प्रवास पाहतात. थकलेले, रांगेत चिडलेले, पायऱ्यांवर बसून भाकरी सोडणारे, पोर हरवले म्हणून कासावीस झालेले लोक त्यांनी पाहिलेले असतात. स्वतः मात्र ती क्वचितच कुणाच्या गावी परकी म्हणून गेलेली असतात. अमृतसरची सहल त्यांना पहिल्यांदा त्या दुसऱ्या बाजूला उभे करते. या सहलीचे सगळ्यात मोठे मोल इथेच आहे. आखणी करताना मोठ्यांनी हे लक्षात ठेवले, तर बऱ्याच गोष्टी आपोआप नीट होतात.

आखणीत पहिला प्रश्न येतो तो किती ठिकाणे पाहायची याचा. दिल्ली, आग्रा, मथुरा, अमृतसर आणि जमलेच तर वैष्णोदेवी, असे सगळे आठ-दहा दिवसांत उरकण्याची रीत आहे. एवढ्या लांब चाललोच आहोत, तर सगळेच पाहून घेऊ, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशांतून निघणाऱ्या घराला तो सुचणारच. पण लहान मुलांसाठी हा बेत चुकीचा आहे. रोज नवी खोली, नवी गाडी, नवे पाणी आणि पहाटे चारला उठवणे यांत चौथ्या दिवशी मूल आजारी पडते किंवा किरकिरे होते, आणि पुढच्या फोटोंत फक्त त्याचा कंटाळलेला चेहरा उरतो. एकच शहर, तिथे चार पूर्ण दिवस आणि दोन्ही बाजूंचा रेल्वेप्रवास एवढे केले, तर मुलाला त्या शहरातला एखादा रस्ता पाठ होतो, कुलच्याच्या दुकानातला माणूस त्याला ओळखू लागतो. मुलाला शहर ओळखीचे वाटायला इतका वेळ लागतोच.

दुसरा प्रश्न ऋतूचा. शाळेला मोठी सुटी मे महिन्यात असते आणि त्याच काळात अमृतसरचा पारा चाळिशीच्या वर जातो. मराठवाड्यातली मुले उन्हाला सरावलेली असली, तरी दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, संगमरवरी प्रदक्षिणामार्गावर अनवाणी चालण्याची सवय त्यांना नसते. तिथे पायांखाली पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी मारतात, तरीही दुपार टाळावीच लागते. दिवाळीची सुटी या सहलीला जास्त चांगली. हवा निवळलेली असते आणि दरबार साहिबची दिवाळी पाहायला मिळते. शीख परंपरेत हा दिवस ‘बंदी छोड दिवस’ म्हणून पाळतात. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या कैदेतून सहावे गुरू हरगोविंद ५२ राजांना सोबत घेऊन सुटले, त्याची ही आठवण. मात्र तेव्हा गर्दी फार असते, आणि भाताच्या काढणीनंतर शेतांत पेटवलेल्या धसकटांचा धूर पंजाबभर पसरलेला असतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला घेऊन त्या आठवड्यात जाऊ नये.

आरक्षणाचे नियम मुलांच्या वयाप्रमाणे बदलतात. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे भाडे आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, असा नियम २०१६ पासून लागू आहे. दोन दिवसांच्या प्रवासात पैसे वाचवण्यासाठी मुलाचा बर्थ सोडणे बरे नव्हे. रात्री आईची झोप जाते आणि दुसरा दिवस सगळ्यांनाच जड जातो. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे दिवाळीचा बेत श्रावणातच पक्का करून तारखेवर डोळा ठेवावा लागतो.

माहूरला रेल्वे नाही. नांदेड रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे आणि सचखंड सकाळी सुटते. म्हणून माहूरचे कुटुंब आदल्या दिवशीच एसटीने नांदेडला येते आणि नातेवाइकांकडे किंवा गुरुद्वाऱ्याच्या यात्रीनिवासात मुक्काम करते. ही सक्तीची संध्याकाळ वाया घालवू नये. मुलांना तख्त साहिबला नेऊन तिथल्या लंगरात बसवले, तर डोके कसे झाकायचे, पाय कुठे धुवायचे, भाकरी कशी घ्यायची हे सगळे मराठी बोलणाऱ्या गावात शिकून होते. अमृतसरला पोहोचल्यावर ती बावरत नाहीत. उलट इतर प्रवाशांना वाट दाखवतात.

शिदोरी हा या प्रवासातला महत्त्वाचा भाग आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, लोणचे, मुरमुऱ्यांचा चिवडा हे दोन दिवस टिकते आणि मुलांच्या पोटाला मानवते. त्याबरोबर प्रत्येकाचे एक ताट आणि वाटी घ्यावी, कारण सचखंडच्या मार्गावर अनेक स्थानकांवर शीख सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात आणि डब्यातल्या सगळ्यांना विनामूल्य लंगर वाढतात. मनमाडला तर स्थानकाजवळच गुप्तसर गुरुद्वारा आहे. डाळ, भाजी, पोळी, कधी कढी-भात. तिकीट कोणत्या वर्गाचे, माणूस कोणत्या जातीधर्माचा, हे कुणी विचारत नाही. खिडकीतून ताट पुढे करताना मूल आधी लाजते. आपण काही मागणारे नाही, असे त्याला वाटते. त्या क्षणी आईवडिलांनी स्वतःचे ताट आधी पुढे करावे. देवीच्या भंडाऱ्यात जेवलेल्या माहूरच्या मुलाला एवढे समजवायला वेळ लागत नाही.

गाडीचा मार्ग स्वतःच एक पुस्तक आहे, आणि माहूरच्या मुलाला त्यातली काही पाने घरूनच माहीत असतात. छत्रपती संभाजीनगर सोडल्यावर देवगिरीचा किल्ला दिसतो. भुसावळनंतर तापी ओलांडून गाडी बऱ्हाणपूरला येते. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मध्ये इथेच झाला, आणि तिच्यासाठी बांधलेला ताजमहाल ज्या आग्र्यात आहे ते शहर दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेरून जाते. या दोन स्थानकांच्या मध्ये सांगण्याची गोष्ट मात्र माहूरची आहे. बापाविरुद्ध, म्हणजे बादशहा जहांगीरविरुद्ध, बंड करून पळत असलेला शहाजहान १६२३ च्या सुमारास माहूरला आला होता. आपले हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात उदाराम देशमुखाच्या हवाली केले आणि बायकामुलांसह तो गोवळकोंड्याच्या मुलखात उतरला. उत्तरेकडचे एक कुटुंब जीव वाचवत आपल्या गावी आले होते, हे मुलांना कळले की ताजमहाल बांधणारा माणूस पाठ्यपुस्तकातून उठून रामगडाच्या बुरुजावर येऊन उभा राहतो. पुढे याच देशमुखांच्या घरातली सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबाने ओळखली गेली आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांसमोर मोगली फौजेच्या बाजूने उभी राहिली. ती दुसऱ्या बाजूला होती म्हणून तिची गोष्ट मुलांपासून लपवू नये. आपल्या गावातली माणसे इतिहासात सगळीकडे होती, हे लहान वयातच कळलेले बरे.

जहांगीर हा दुवा पुढेही धरून ठेवता येतो. पाचवे गुरू अर्जनदेव यांना १६०६ मध्ये लाहोरला त्याच्याच काळात छळ सोसून मरण आले, आणि त्यांचे पुत्र हरगोविंद यांना त्यानेच ग्वाल्हेरला कैदेत ठेवले. सकाळी गाडी ग्वाल्हेरला येते आणि डोंगरावरचा तो लांबलचक किल्ला दिसतो. मराठी मुलांनी हे नाव शिंद्यांच्या संदर्भात ऐकलेले असते, आता त्याला दुसरा संदर्भ मिळतो. नंतर चंबळच्या घळी, मग आग्रा, मथुरा, दिल्ली.

दिल्ली येते तेव्हा तांड्यावरच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. माहूर-किनवट भागात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. शाळेच्या वर्गात गोरमाटी बोलणारी कितीतरी मुले असतात. १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला, तेव्हा लखीशाह वणजारा या व्यापाऱ्याने त्यांचा देह आपल्या गाड्यांतून लपवून घरी नेला आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून स्वतःच्या घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केला. त्या जागी आज रकाबगंज गुरुद्वारा आहे. लमाण बैलांच्या तांड्यांनी सारा देश कसा जोडला होता, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. सहलीला निघालेल्या बंजारा मुलाला आपण परक्या मुलखात चाललो आहोत असे वाटण्याचे काही कारण उरत नाही.

दिल्लीनंतर पानिपत येते. १४ जानेवारी १७६१ ची लढाई मुलांना माहीत असते. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७५८ च्या एप्रिलमध्ये, राघोबादादांच्या फौजा लाहोरपर्यंत पोहोचल्या होत्या, हे फारसे कुणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. पुढे अंबाला, लुधियाना, सतलज, जालंधर, ब्यास. शेते सपाट होत जातात, कालव्यांना भर पाणी असते. काळ्या रानात कापूस आणि सोयाबीन पाहत वाढलेली मुले त्या क्षितिजापर्यंतच्या एकसलग पट्ट्याकडे बघत राहतात. डोंगर कुठे गेले, हा माहूरच्या मुलाचा प्रश्न असतो, आणि तो बरोबरच आहे. जन्मापासून त्याने डोंगराशिवाय आभाळ पाहिलेले नसते. अमृतसर येते तेव्हा रात्र झालेली असते.

अमृतसर शहर चौथे गुरू रामदास यांनी १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात वसवले. सरोवर खोदले गेले, आणि गुरू अर्जनदेवांच्या काळात त्याच्या मधोमध हरिमंदिर उभे राहिले. १६०४ मध्ये शिखांच्या पवित्र ग्रंथाची, म्हणजे आदिग्रंथाची, तिथे प्रतिष्ठापना झाली. वरचा सोन्याचा पत्रा रणजितसिंगांच्या काळातला, म्हणजे नांदेडचे तख्त बांधणाऱ्याच राजाच्या काळातला. मंदिराला चार दिशांना चार दारे आहेत आणि आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. माहूरला देवीकडे जाताना चढ असतो; दम लागतो, गुडघे धरतात, वर पोहोचल्यावर वाऱ्याने घाम सुकतो. इथे उतार आहे, आणि उतरल्यावर समोर एकदम पाणी. दोन्ही ठिकाणी माणसाचे शरीर आधी काहीतरी करते आणि मग दर्शन होते. लहान मुलांना हा फरक शब्दांवाचून कळतो.

पहिल्या भेटीत मुलांना थेट रांगेत उभे करू नये. आधी जोडाघर पाहावे. तिथे चपला घेणारे सेवेकरी पगारी नोकर नसतात. चांगल्या घरची माणसे, कधी म्हातारे, कधी शाळकरी पोरे ते काम करतात आणि चपलांवरची धूळ पुसून देतात. मग उथळ पाण्यातून पाय धुऊन आत जावे आणि एक प्रदक्षिणा सावकाश घालावी. वाटेत दुखभंजनी बोरीचे झाड आहे, सेवेकरी पाणी पाजतात, सरोवरातले मासे मुलांना तासभर बांधून ठेवतात. आतल्या दर्शनाची रांग पुलावर सरकत राहते आणि कीर्तन कानांवर येत असते. रात्री उशिरा गुरू ग्रंथसाहिब पालखीतून अकाल तख्ताकडे नेतात आणि पहाटे परत आणतात. मुलांना एकदा तरी या वेळेला न्यावे. झोप मोडण्यासारखी ती गोष्ट आहे. अकाल तख्ताबद्दल मोठ्या मुलांनी विचारलेच, तर खरे सांगावे. सहाव्या गुरूंनी १६०६ मध्ये ते स्थापले, १९८४ च्या जूनमध्ये लष्करी कारवाईत ती वास्तू उद्ध्वस्त झाली, आणि नंतर ती पुन्हा बांधली गेली. पंजाबमध्ये ही जखम अजून बोलली जाते. पाहुण्याने तिथे मोठ्याने मते मांडू नयेत, पण माहिती असावी.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो लंगरला. तिथे रोज हजारोंच्या संख्येने लोक जेवतात आणि स्वयंपाकघर रात्रंदिवस चालू असते. पंगत जमिनीवर एका ओळीत बसते. ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत वाढपी येतो, तेव्हा दोन्ही हात पुढे करून पोळी घ्यायची असते. जेवण झाले की उठून जाण्याची घाई करू नये. मुलांना लसूण सोलणाऱ्यांच्या गोलात बसवता येते, वाट्या गोळा करता येतात, पोळ्या लाटता येतात. कुणी प्रशिक्षण देत नाही आणि कुणी हुसकावत नाही. शेजारचा आजोबा ‘पुत्तर, इंज कर’ म्हणून हात धरून दाखवतो, तेवढे पुरते. माहूरच्या मुलाने यात्रेकरूंना वाढताना, प्रसाद देताना, पाणी विकताना घरच्यांना पाहिलेले असते. इथे पाहुणा म्हणून आलेले तेच मूल अर्ध्या तासात वाढपी होते, आणि त्याच्याकडून कुणी पैसे घेत नाही की त्याला देतही नाही. चार दिवसांतला एक पूर्ण दिवस यासाठी राखून ठेवला, तरी तो कमी पडतो. मुलांना घरी परतल्यावर सगळ्यांत जास्त आठवते ते हेच, कारण इथे त्यांनी नुसते पाहिलेले नसते, हाताने काम केलेले असते.

दरबार साहिबपासून काही मिनिटांच्या अंतरावर जालियनवाला बाग आहे. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. सभेला आणि जत्रेला जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर जनरल डायरने सुमारे दहा मिनिटे गोळीबार करवला. १६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशीतला अंदाजे हजाराचा. अरुंद बोळ, भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि विहीर आजही पाहता येते. २०२१ मध्ये बागेचे नूतनीकरण झाले, बोळात शिल्पे आली. त्यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी केलेली टीका रास्त आहे, कारण सजवलेल्या जागेत मुले आधी फोटो काढू लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला इथे सगळे सांगण्याची गरज नाही. इथे लोकांना विनाकारण मारले, एवढे पुरे. दहा-बारा वर्षांचे मूल मात्र विचारते की तेव्हा आपल्या गावात काय होते. त्याचे उत्तर तयार ठेवावे. १९१९ मध्ये माहूर इंग्रजांच्या थेट अमलात नव्हते, ते निजामाच्या राज्यात होते. १५ ऑगस्ट १९४७ ला अमृतसरवर तिरंगा चढला तेव्हाही माहूरवर चढला नव्हता. त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले. रझाकारांच्या काळात रानात लपून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी मराठवाड्यातल्या घराघरांत आहेत. आजी-आजोबा सोबत असतील, तर बागेतल्या एखाद्या झाडाखाली बसून त्यांनीच त्या सांगाव्यात. मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंड्याखाली उभे राहिलेल्या मुलाला दोन्ही लढे तिथे एकत्र दिसतात.

टाऊन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचे संग्रहालय आहे. मोठ्या लेखांपेक्षा तिथल्या वस्तू मुलांशी जास्त बोलतात: निर्वासितांनी सोबत आणलेली भांडी, कागदपत्रे, फुलकारीचा कोट, चामड्याची पेटी. घर सोडताना तू काय घेतले असतेस, एवढा एक प्रश्न विचारून मुलांना मोकळे सोडावे.

पाकिस्तानलगतच्या अटारीचा सीमासोहळा १९५९ पासून चालू आहे आणि प्रत्येक सहलीत तो असतोच. शहरापासून सुमारे ३० किलोमीटर जाऊन दोन-तीन तास आधी बसावे लागते. २०२५ च्या एप्रिल महिन्यापासून तो आटोपशीर झाला. फाटक न उघडता आणि दोन्ही बाजूंच्या जवानांनी हस्तांदोलन न करता झेंडे उतरवले जाऊ लागले. मुलांना कवायत आवडते, घोषणा आवडतात. तिथे जाताना वाटेत दिसणाऱ्या शेतांकडेही त्यांचे लक्ष वेधावे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तेच पीक असते आणि तीच भाषा बोलली जाते. एवढे एकदा दाखवले, की मग मुलांनी मनसोक्त ओरडावे.

खाण्याच्या बाबतीत तिसरा दिवस अवघड असतो. तंदुरातला लोणी माखलेला कुलचा आणि छोले, मोठा पेला भरून लस्सी, मातीच्या वाटीतली फिरनी यांवर मुले पहिले दोन दिवस तुटून पडतात. तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली पोटे वरण-भात मागतात. त्यासाठी हॉटेल शोधत फिरण्याची गरज नाही. लंगरची डाळ आणि भात हेच त्यावर औषध आहे. खरेदीही आवरती असावी. कडे नांदेडलाच मिळते. अमृतसरहून आणावे ते पापड आणि मसाल्याच्या वड्या. त्या टिकतात आणि शेजाऱ्यांना वाटता येतात.

शेवटचा दिवस घुमानसाठी ठेवावा. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी संत नामदेव उत्तर आयुष्यात राहिले, अशी परंपरा आहे, आणि तिथे त्यांचे स्मारक व गुरुद्वारा आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. दरबार साहिबात मुलांनी ऐकलेल्या कीर्तनात त्यांतलेही एखादे असू शकते. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मराठवाडा ज्या नरसीकडे पाहतो, ती हिंगोली जिल्ह्यात, नांदेडच्या शेजारीच आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, सदानंद मोरे त्याचे अध्यक्ष होते आणि महाराष्ट्रातून विशेष गाड्या भरून माणसे गेली. गावकऱ्यांनी या परक्या पाहुण्यांना घराघरांत जेवू घातले. आजही मराठी बोलणारे कुटुंब आले की तिथली वडीलधारी माणसे ‘बाबा नामदेवांच्या मुलखातले’ म्हणून विचारपूस करतात आणि चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. घुमान आधी पाहिले तर मुलांना ते एक साधे खेडे वाटते. अमृतसर पाहून, लंगरात हात लावून आणि कीर्तन ऐकून मग तिथे गेले, की सातशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूचा एक माणूस रेल्वे नसताना इथवर आला होता, ही गोष्ट त्यांना मोजता येते. गाडीतले दोन दिवस त्यांच्या अंगात असतातच.

परतीची सचखंड अमृतसरहून पहाटे सुटते. म्हणून घुमानहून दिवस मावळायच्या आत शहरात परतावे, सामान रात्रीच बांधावे, आणि मुलांची ताटे-वाट्या वरच्या पिशवीत हाताशी ठेवाव्यात.